घरून काम करताना फोनच्या नोटिफिकेशन्सना शिस्त कशी लावावी

एका लांबलचक तक्त्यातले आकडे मूळ कागदांशी ताडून पाहत असताना माझा फोन टेबलावर थरथरला. मी तो उचललाही नाही. पण कुणाचा मेसेज असेल, एवढा विचार मनात येऊन गेला आणि मी कोणत्या ओळीवर होतो तेच आठवेना. चाळीस-एक ओळी पुन्हा पहिल्यापासून तपासाव्या लागल्या. अमेरिकेतील फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये नेमके हेच तपासले होते. सलग लक्ष लागणारे काम करत असताना फोनवर कॉल किंवा मेसेज आला, तर फोनकडे न पाहणाऱ्यांच्या हातूनही चुका वाढत असल्याचे त्यांना आढळले. त्यामुळे फोन हातात न घेण्याचा निश्चय कितीही पक्का असला तरी तो पुरत नाही. नोटिफिकेशन येण्याआधीच तिचा बंदोबस्त करावा लागतो.

सगळ्याच नोटिफिकेशन्स बंद करण्याचा मार्गही मी करून पाहिला. दोन दिवसांतच काही महत्त्वाचे राहून तर गेले नाही ना, या धास्तीने मी स्वतःच घडोघडी फोन उघडू लागलो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाचा निष्कर्षही याच्याशी जुळतो: दिवसातून तीन ठरावीक वेळी एकत्रित नोटिफिकेशन्स मिळणाऱ्यांना आपले लक्ष अधिक लागते असे जाणवले, तर ज्यांच्या नोटिफिकेशन्स पूर्ण बंद होत्या त्यांची अस्वस्थता वाढली. म्हणून कोणाची हाक लगेच ऐकायची आणि कोणाची सवडीने, हे आधी ठरवावे आणि मगच सेटिंग्जना हात लावावा.

पहिली पायरी पाहणीची. अँड्रॉइड ११ आणि त्यापुढील बहुतेक फोनमध्ये सेटिंग्जमधील नोटिफिकेशन विभागात ‘नोटिफिकेशन हिस्टरी’ असते. ती सुरू करून ठेवल्यास गेल्या २४ तासांत काय काय आले ते दिसते. आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’मध्ये कोणत्या ॲपने किती नोटिफिकेशन्स पाठवल्या याचा आकडा मिळतो. कामाच्या एका दिवसाची ही यादी समोर घेऊन प्रत्येक ॲपपुढे एकच प्रश्न विचारावा: हे दोन तास उशिरा कळले असते तर कोणाचे काही अडले असते का? बहुतेक ॲप्सच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ असेच येते.

दुसरी पायरी त्या ‘नाही’वाल्यांची. नको असलेली नोटिफिकेशन आली की ती दाबून धरावी, म्हणजे अँड्रॉइडवर तिथल्या तिथे ती बंद करण्याचा किंवा ‘सायलेंट’ करण्याचा पर्याय मिळतो. आयफोनवर ती डावीकडे सरकवून हेच करता येते. मात्र सगळे ॲप सरसकट बंद करण्याची घाई करू नये. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, एकाच ॲपच्या नोटिफिकेशन्सचे वेगवेगळे प्रकार स्वतंत्रपणे चालू-बंद करता येतात. बँकेच्या ॲपमधील व्यवहाराची सूचना ठेवून कर्जाच्या जाहिराती बंद करणे यामुळे शक्य होते, अर्थात ॲप बनवणाऱ्यांनी ते प्रकार प्रामाणिकपणे वेगळे ठेवले असतील तरच. ज्यांनी ते मुद्दाम एकत्र केले आहेत, त्यांचे ॲप संपूर्ण गप्प करण्यात मला काहीही गैर वाटत नाही.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण लक्ष सर्वांत जास्त तिथेच विखुरते आणि संकोचही तिथेच सर्वांत जास्त होतो. ग्रुप म्यूट केल्याचे इतरांना कळत नाही, हे एकदा लक्षात घेतले की हात मोकळा होतो. आठ तास, एक आठवडा आणि कायम असे तीन पर्याय असतात. कामाशी संबंध नसलेल्या ग्रुपसाठी ‘कायम’ निवडावा. म्यूट केलेल्या ग्रुपमध्येही कुणी तुमचा थेट उल्लेख केला किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिले, तर ते तुम्हाला कळते. सहकाऱ्यांना हे सांगून ठेवावे: तातडीचे असेल तर माझा उल्लेख करा, त्याहून तातडीचे असेल तर सरळ फोन करा.

यानंतर कामाच्या वेळेपुरते कुंपण घालावे. ‘डू नॉट डिस्टर्ब’ला वेळापत्रक लावता येते, आयफोनवर २०२१ मध्ये आलेल्या ‘फोकस’मध्ये कामासाठी वेगळी व्यवस्था करून त्यात कोणती माणसे आणि कोणती ॲप्स चालतील हे निवडता येते. अपवादांची यादी शक्य तितकी छोटी ठेवावी: घरातील माणसे, मुलांची शाळा, आपले वरिष्ठ. अनोळखी क्रमांकावरून खरोखरच निकडीचा फोन येऊ शकतो, या भीतीपोटी अनेक जण हे कुंपण घालायचे टाळतात. त्यासाठी पुन्हा पुन्हा फोन करणाऱ्याला वाट देणारा पर्याय आहे. तो चालू असल्यास त्याच व्यक्तीचा दुसरा कॉल अँड्रॉइडवर १५ मिनिटांत आणि आयफोनवर ३ मिनिटांत आला, तर तो वाजतो. सगळे लावून झाल्यावर घरातल्या कुणालातरी शेजारच्या खोलीतून फोन करायला सांगून खात्री करून घ्यावी. ही चाचणी केल्याशिवाय मनाची धाकधूक जात नाही.

उरलेल्या नोटिफिकेशन्ससाठी ठरावीक वेळा नेमाव्यात. आयफोनमध्ये ‘शेड्यूल्ड समरी’ त्या एकत्र करून देते; जिथे अशी सोय नाही तिथे आपणच सकाळी अकरा, दुपारी दीड, संध्याकाळी पाच अशा वेळा ठरवून फोन पाहावा. ॲपच्या चिन्हावरचे लाल ठिपके आणि आकडेही त्याच वेळी बंद करावेत, कारण आवाज नसला तरी ते हाक मारतातच.

एवढे करूनही कामात व्यत्यय येतच असेल, तर तो बहुधा संगणकातून येत असतो. फोनवर गप्प केलेला मेसेज व्हॉट्सॲप वेबवरून, ब्राउझरमधून किंवा मनगटावरच्या स्मार्टवॉचवरून पुन्हा दार ठोठावतो. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन नोटिफिकेशनची परवानगी दिलेल्या वेबसाइटची यादी उघडावी. कधीतरी घाईत ‘अलाउ’ दाबलेल्या कितीतरी वेबसाइट तिथे सापडतात. त्यांची परवानगी काढून टाकावी.

फोन टेबलावर न ठेवता हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावा, मात्र अपवादातील कॉल ऐकू येईल एवढा रिंगचा आवाज असावा. आठवडाभराने नोटिफिकेशन हिस्टरी पुन्हा उघडून पाहावी. एखादी महत्त्वाची सूचना सायलेंटमध्ये अडकून पडलेली दिसली, तर तेवढीच मोकळी करावी. नवीन ॲप घेताना, अँड्रॉइड १३ पासून, ते नोटिफिकेशनची परवानगी आधी मागते. तेव्हा सरळ नकार द्यावा आणि पुढे खरोखर गरज भासली, तर सेटिंग्जमध्ये जाऊन ती द्यावी.