रोआतानला उतरताय? फाटकाबाहेर जाण्याची तयारी

सगळ्यात आधी नकाशा उघडा आणि क्रूझची बोट जिथे लागणार आहे तिथे बंदराच्या फाटकापलीकडे कुणी राहतं का ते बघा. हसू नका. बहामातल्या कोकोके बेटावर क्रूझ कंपनीच्या वॉटरपार्कपलीकडे गावच नाही, तिथे 'स्थानिकांना भेटायचंय' म्हणून हट्ट धरण्यात अर्थ नाही. हैतीतल्या लाबादीला गाव आहे, पण मध्ये कुंपण आहे आणि प्रवाशांना ते ओलांडू देत नाहीत. शिवाय हैतीतल्या हिंसाचारामुळे तिथल्या फेऱ्याच थांबवाव्या लागल्या. मध्य अमेरिकेतल्या होंडुरासच्या रोआतान बेटाचं तसं नाही. कार्निव्हल या क्रूझ कंपनीने इथे २००९ साली महोगनी बे नावाचं स्वतःचं बंदर उघडलं (हल्ली त्याचं नाव बदलून इस्ला ट्रोपिकाले केलंय). दुकानं, खुर्च्या, किनाऱ्यावर नेणारे तारेवरचे पाळणे, सगळं आतच. पण टेकडी चढून फाटकाबाहेर आलात की बेटाचा मुख्य रस्ता लागतो आणि तिथे जायला कुणी अडवत नाही. पहिल्या खेपेला आम्ही कुणी अडवल्यासारखे दिवसभर आत बसून राहिलो. दुसऱ्या खेपेला सासू-सासरे पुण्याहून ह्यूस्टनला आले होते, त्यांना घेऊन टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन बंदरातून निघालो, तेव्हा बाहेर पडायचं हे आधीच ठरवलं होतं. ही यादी त्या खेपेची.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. भारतीय पासपोर्ट असेल तर अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा हवा, कारण बोट अमेरिकेतून बाहेर जाऊन परत येते. होंडुरासमध्ये उतरण्याबद्दल क्रूझ कंपनीला आधीच लेखी विचारून ठेवा. खाली उतरताना बोटीचं कार्ड, फोटो असलेलं ओळखपत्र आणि पासपोर्टची झेरॉक्स जवळ असू द्या.

आता घड्याळ. खरी तयारी याचीच. होंडुरासमध्ये उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत. त्यामुळे हिवाळ्यात टेक्सासची आणि रोआतानची वेळ एकच असते, पण उन्हाळ्यात टेक्सास एक तास पुढे असतं. बोट कधी स्वतःची वेळ पाळते, कधी स्थानिक वेळ लावते. फोन मात्र किनाऱ्याचं नेटवर्क पकडून गुपचूप बदलतो. म्हणून बोटीच्या वेळेवर लावलेलं साधं मनगटी घड्याळ हवंच. सासऱ्यांचं एचएमटी त्या दिवशी घरातल्या सगळ्या फोनांपेक्षा उपयोगी पडलं. बोट सुटायच्या साधारण अर्धा तास आधी सगळ्यांनी वर असायला हवं. कंपनीच्या सहलीची बस अडकली तर बोट थांबते, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. तेव्हा परतीच्या वेळेतून दोन तास आधीच वजा करा आणि उरलेल्या वेळात एकच गाव धरा. आमचं ठरलं पुंता गोर्दा, गारिफुना लोकांचं गाव.

हेच गाव का, हे जाण्याआधी घरात सगळ्यांना माहीत असू द्या. गारिफुना हे मूळचे सेंट व्हिन्सेंट बेटावरचे लोक. आफ्रिकेतून आणलेली माणसं आणि तिथले कॅरिब-अरावाक यांच्या मिश्रणातून हा समाज घडला. इंग्रजांशी ते लढले, हरले. मग त्यांना बालिसो नावाच्या ओसाड बेटावर कोंडलं, तिथे निम्म्याच्या आसपास माणसं मेली. उरलेल्या सुमारे २,००० जणांना १२ एप्रिल १७९७ रोजी रोआतानवर आणून सोडलं. बरेचसे पुढे मुख्य भूमीवर त्रुहियोला गेले, काही इथेच राहिले. पुंता गोर्दा हे त्यांचं गाव. तुमची बोट १२ एप्रिलला लागत असेल तर नशीबवान आहात, त्या दिवशी गावात मोठा उत्सव असतो. त्यांची भाषा, नाच आणि संगीत युनेस्कोच्या वारशाच्या यादीत आहे. ढोलांवर जो पुंता नाच बघाल तो मुळात मयताच्या घरी, नवव्या रात्रीपर्यंतच्या जागरणात नाचायचा. हे माहीत असलं की मोबाईल वर धरून शिट्ट्या मारायला हात जरा कचरतो.

दोन-चार शब्द पाठ करा. 'बुइती बिनाफी' म्हणजे सुप्रभात, 'सेरेमेइन' म्हणजे आभार. बेटावर इंग्रजी चालतं, कारण १८५९च्या करारापर्यंत ही बेटं इंग्रजांकडे होती. स्पॅनिशही चालतं. पण सासूबाईंनी 'सेरेमेइन' म्हटल्यावर समोरच्या आजींचा चेहरा असा फुलला की पुढचा सगळा व्यवहार त्या दोघींनीच केला, एकीचं मराठी आणि एकीचं गारिफुना. आकडेही मजेशीर आहेत. चारपासून पुढचे फ्रेंचवरून आलेत: सहाला सिसी, दहाला दिसी.

गाडीचं आधी ठरवा. बंदराच्या आत टॅक्सी महाग पडते, फाटकाबाहेर स्वस्त. दर माणशी की गाडीचा, जाऊन-येऊन की एकाच बाजूचा, थांबण्याचे पैसे त्यात आहेत की नाहीत, हे बसण्याआधी स्पष्ट बोला आणि परतीचे पैसे परतल्यावरच द्या. आधीच बुकिंग करत असाल तर 'बोट लागलीच नाही तर पैसे परत' हे लिहून घ्या. जून ते नोव्हेंबर वादळांचे महिने, तेव्हा बंदर चुकणं काही विशेष नाही. पुंता गोर्दा उत्तर किनाऱ्यावर आहे, वाटेत वळणं आणि चढउतार. ज्यांना आंबोली घाटात त्रास होतो त्यांनी गोळी घ्यावी.

डॉलर चालतात, पण एक आणि पाचच्या सुट्ट्या, न फाटलेल्या नोटा न्या. थोडे लेम्पिरा, म्हणजे होंडुरासचं चलनही घ्या. एका डॉलरला साधारण २५-२६ मिळतात. पैसे गावातच खर्च करा. जेवा, कसाबे (कंदाची कडक भाकरी) घ्या, ढोल वाजवणाऱ्यांना हातात द्या. मुलांना रस्त्यात चॉकलेटं वाटत फिरू नका. वह्या-पेन्सिली न्यायच्याच असतील तर शाळेत बाईंकडे द्या. फोटो विचारून काढा, मुलांचे तर नकोच. काळं पोवळं आणि कासवाच्या पाठीचे दागिने कुणी कितीही प्रेमाने दाखवले तरी घेऊ नका.

शाकाहाऱ्यांनी घाबरू नये, पण गृहीतही धरू नये. माचुका म्हणजे कुटलेली केळी आणि नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण. मालवणी माणूस पहिल्या घासाला घरी पोचतो. आमच्याकडे मात्र मासे बंद. नारळाच्या दुधातला राजमा-भात, पान दे कोको हा नारळाचा पाव आणि तळलेली केळी यांवर पोट उत्तम भरलं. राजमा चरबीत परततात की काय ते विचारा: 'सिन मांतेका' म्हणजे चरबीशिवाय.

कसाबे करताना बघायला मिळालं तर बाकी सगळं सोडा. हा आपल्या साबुदाण्याचाच कंद, फक्त कडू जात, आणि कच्चा विषारी. खडे रोवलेल्या फळीवर तो किसतात, मग तो कीस रुगुमा नावाच्या विणलेल्या लांब नळीत भरून टांगतात, खाली वजन लावतात. नळी सापासारखी ताणली जाते आणि विषारी रस निथळून जातो. उरलेलं चाळून मोठ्या तव्यावर भाजतात. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे एकादशीला चालेल." सासरे अजून त्यावर वाद घालतात.

पिशवीत बाकी काय? पाण्याच्या बाटल्या, डास आणि वाळूतल्या बारीक माश्यांसाठी मलम (डेंग्यू इथेही आहे), पोवळ्यांना न मारणारं सनस्क्रीन, ऑफलाइन नकाशा. गावात फिरताना पोहण्याच्या कपड्यांवर काहीतरी घाला. एवढं पुरे.

रोआतानला उतरण्याच्या आदल्या रात्री बोटीवरच एक काम करा. गोव्याचा, रत्नागिरीचा कुणी मुलगा कामाला आहे का बघा, बहुतेक सापडतोच. सुट्टीच्या दोन तासांत ही मुलं कुठे जेवतात, कुणाच्या टॅक्सीने जातात, हे बोटीवरच्या सहलींच्या माहितीपत्रकात नसतं. आमचा ड्रायव्हर अशा एका वेंगुर्ल्याच्या मुलानेच सांगितलेला.

कसाबे घरी आणायचा असेल तर कडक डबा न्या आणि परतल्यावर कस्टम्सला खाण्याचं आहे असं सांगा. आम्ही कापडी पिशवीत आणला. ह्यूस्टनला पोचेपर्यंत त्याचा चुरा झाला होता. सासूबाईंनी शेंगदाणे आणि कढीपत्ता घालून त्याचा चिवडा केला.