कॉल लागला, पण ऐकू गेलं का?

आयसोलेशनमधल्या रुग्णांचं घरच्यांशी व्हिडिओ कॉलवर बोलणं करून द्यायचं काम मी २०२० मध्ये, कोविड वॉर्डात सुरू केलं. टॅब्लेट कशाने पुसायचा, संमती कुठे नोंदवायची, हे या कामावर नव्याने येणाऱ्या तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगतील. जे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि ज्यापायी एका माणसाचे सहा दिवस वाया गेले, ते इथे लिहिते.

हाय फ्लो ऑक्सिजनवर एक आजोबा होते. रोज संध्याकाळी मी त्यांच्या मुलीला कॉल लावायचे. ती बोलायची, आजोबा मान हलवायचे, मी वहीत लिहायचे, ‘बोलणं छान झालं.’ सातव्या दिवशी रात्रपाळीच्या सिस्टरना त्यांच्या सामानाच्या पिशवीत कानाचं मशीन सापडलं. मास्कच्या पट्ट्यांत अडकतं म्हणून कुणीतरी दाखल करतानाच काढून ठेवलं होतं. ते लावल्यावर आजोबांनी पहिलं हेच विचारलं, ‘मुलगी नुसते ओठ का हलवते? माझ्यापासून काय लपवताय?’ सहा दिवस ते हा घोर घेऊन पडून होते, आणि मी ‘छान झालं’ लिहीत होते.

मान हलली म्हणजे ऐकू आलं, असं कधीही धरू नका. हाय फ्लोमध्ये मिनिटाला ६० लिटरपर्यंत हवा नाकात जाते, तिचा घोंगावणारा आवाज रुग्णाच्या कानापाशीच असतो. त्यात टॅब्लेटचा स्पीकर प्लास्टिकच्या पिशवीत. त्यात माणूस दमलेला, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून हो म्हणणारा. डेलिरियम, म्हणजे आजारपणातला भ्रम, असेल तर तो कशालाही मान हलवेल. म्हणून ‘ऐकू येतंय ना?’ हा प्रश्नच विचारायचा नाही. ज्याचं उत्तर ‘नाही’ येईल असं काहीतरी घरच्यांना विचारायला सांगा. ‘आज मंगळवार आहे का?’ बुधवारी विचारायचं. किंवा ‘दोन बोटं दाखवा.’ तिथेही मान हलली तर कॉल तिथेच थांबवा आणि आधी कान बघा. मशीन कुठे आहे, सेल संपलाय का, इअरफोन चालतील का, स्पीकर उशीपाशी नेता येईल का. चष्माही शोधा, तोही बहुतेक त्याच पिशवीत असतो.

एवढं करूनही जमलं नाही तर घरच्यांना जाड पेनाने मोठ्या अक्षरांत लिहून कागद कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा. त्यांना स्वतःच्या स्क्रीनवर अक्षरं उलटी दिसतात आणि ते घाईने कागद खाली घेतात. इकडे ती सुलटच दिसतात, हे आधीच सांगून ठेवा.

उलट बाजूनेही हेच होतं. रुग्णाचा आवाज इतका क्षीण असतो की ॲपमधलं नॉइज सप्रेशन त्यालाच गोंगाट समजून गाळून टाकतं. ते बंद करता येत असेल तर करा. ट्रेकिओस्टोमी, म्हणजे श्वासासाठी गळ्याला छेद देऊन घातलेली नळी, असेल आणि नळीचा फुगा फुगवलेला असेल तर हवा स्वरतंतूंपर्यंत पोचतच नाही, आवाज फुटणारच नाही. हे घरच्यांना कॉलच्या आधी सांगा, नाहीतर माणूस रागावून गप्प आहे असं त्यांना वाटतं. मुळात रुग्णाला दाखवण्याआधी घरच्यांशी दोन मिनिटं वेगळं बोलायचंच. नळ्या किती, चेहरा सुजलाय का, हात बांधलेत का. हे टाळू नका.

सीनियर सांगतील, टॅब्लेट स्टँडला लाव आणि पुढच्या बेडकडे जा. मला हे कधीच पटलेलं नाही. कॉल कमी झाले तरी चालतील. दिवसाला वीस कॉल लावल्याचा आकडा मिरवणाऱ्यांकडून शिकू नका. एक रात्र जुन्या सिस्टरच्या मागे फिरा, मला जे येतं ते तिथूनच आलंय. आणि स्वतःच्या नंबरवरून कॉल कधीच लावू नका, कितीही घाई असली तरी. शेजारचा बेड कॅमेऱ्यात येणार नाही हेही पाहा.

पहिले काही दिवस घरी गेल्यावर झोप येणार नाही. माझं तसंच झालं होतं. गुंगीत असलेल्या रुग्णापाशी कॉल लावून उभं राहताना काय बोलावं सुचत नाही, आणि काही बोलायची गरजही नसते. घरच्यांना बोलू द्या. पलीकडून कुणी नुसतंच रडत असेल तरी घाईने कॉल कापू नका. ते तुमच्यामुळे रडत नसतात.

आजोबांचं मशीन चालू झालं त्या संध्याकाळी मुलगी चाळीस मिनिटं बोलली. मी वहीत फक्त वेळ लिहिली.

ट्रॉलीवर कानाच्या मशीनचे सेल ठेवा, १३ नंबरचे नारिंगी स्टिकरवाले आणि ३१२ नंबरचे तपकिरी. स्टिकर काढला की सेल हवेने चालू होतो, म्हणून तो आधीपासून काढून ठेवायचा नाही. काढल्यावर मिनिटभर थांबा, मग मशीनमध्ये घाला.