कॅनिस्टर फिल्टर पाणी घेत नाहीये? आधी हवा बाहेर काढा

कॅनिस्टर, म्हणजे टँकच्या खाली ठेवायचा फिल्टरचा बंद डबा, धुतला, परत जोडला, प्लग लावला आणि आतून नुसता खडखडाट, पाणी काही येत नाही, मग प्राइमिंगचं (सुरुवातीला डब्यात पाणी उतरवायचं) बटण दाबून दाबून हात दुखायला लागतो. फिश टँक ठेवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा ताप झालेला असतो. दुकानात विचारलं की लगेच "मोटर गेली, नवीन घ्या". तसं लगेच करू नका, बऱ्याचदा मोटर ठणठणीत असते, आत हवा धरलेली असते एवढंच.

आधी हे काम कसं करतं ते बघा. कॅनिस्टरची मोटर टँकमधलं पाणी खेचून आणत नाही. पाणी आपोआप खाली उतरतं, ड्रममध्ये नळी टाकून आपण पाणी काढतो ना अगदी तसं, आणि मोटर फक्त ते परत वर ढकलते. आतला इम्पेलर (मोटरने फिरणारं छोटं पातं) पाण्यात बुडालेला असेल तरच ढकलणार, हवेत फिरला तर नुसता वाजणार. म्हणून डबा टँकच्या खालीच पाहिजे, शेजारी त्याच उंचीच्या टेबलावर ठेवला तर कितीही बटण दाबा, उपयोग नाही. आणि डब्यात पाणी यायचं तर आतल्या हवेला बाहेर जायला वाट पाहिजे, हे लोक विसरतात. आउटलेटचा, म्हणजे पाणी टँकमध्ये परत नेणाऱ्या नळीचा, नळ बंद ठेवून प्राइम करत बसलात तर हवा जाणार कुठे?

आता जोडताना काय करायचं ते. प्लग काढलेलाच ठेवा. मीडिया (स्पंज, सिरॅमिक रिंग वगैरे गाळायचं सामान) भरला की डबा बादलीतल्या पाण्याने जवळपास काठोकाठ भरून घ्या आणि मगच झाकण लावा, हे एवढं केलं तरी अर्धी कटकट संपते. एहाइम क्लासिकसारख्या मॉडेलला तर बटणच नसतं, तिथे पाणी भरून घेणं किंवा नळीतून पाणी उतरवणं हाच मार्ग. झाकण लावण्याआधी ओ-रिंगवरून (झाकणाच्या रबरी रिंगवरून) बोट फिरवून बघा, वाळूचा एक कण किंवा झाडाच्या पानाचा तुकडा जरी अडकला असेल तरी तिथून हवा शिरते नाहीतर पाणी गळतं. पुसून घ्या, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. व्हॅसलिन लावू नका, पेट्रोलियम जेलीने रबर फुगतं आणि पुढच्या वेळी रिंग खाचेत बसतच नाही. चारही क्लिपा समोरासमोरच्या जोडीने लावा, नाहीतर झाकण एका बाजूने उचललेलं राहतं.

मग टँकमध्ये पाण्याची पातळी बघा, इनटेकची (पाणी आत घेणाऱ्या नळीची) जाळी पूर्ण बुडालेली हवी. नळ्यांचा ब्लॉक (दोन्ही नळ्या आणि त्यांचे नळ असलेला जोड) बसवा, आधी इनटेकचा नळ उघडा, लगेच आउटलेटचाही उघडा. बटण असेल तर पाच-सहा वेळा सावकाश आणि पूर्ण दाबा, एकदा पाणी नळीतून खाली उतरायला लागलं की हात काढा, पुढचं काम पाणी स्वतः करतं. आउटलेटमधून बुडबुडे येतील, गुडगुड आवाज येईल, तो पूर्ण थांबेपर्यंत प्लग लावायचा नाही. इथेच घाई होते. आउटलेटच्या नळीत पाणी टँकच्या पातळीपर्यंत चढलेलं दिसलं की मग चालू करा.

पाणी उतरतच नसेल तर नळी बघा. लांब नळी स्टँडच्या मागे लोंबत खाली जाऊन परत वर येत असेल तर त्या वळणात हवा अडकून बसते. मोजून कापा, टँकपासून डब्यापर्यंत सरळ उतरली पाहिजे. जुनी नळी कडक होऊन कुठे चेपली असेल तर गरम पाण्यात टोक बुडवून मऊ करून सरळ करता येते. आणि तोंडाने ओढून पाणी सुरू करायचा नाद सोडाच, ते घाण पाणी पोटात जायला नको.

चालू झाल्यावर थोडा वेळ खर्रर्र वाजणारच, नवीन सिरॅमिक रिंग आणि स्पंजात भरपूर हवा असते. डबा हलकेच एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला कलवा, मिनिटभर बंद करून परत लावा, बंद असताना बुडबुडे वर येऊन निघून जातात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही आउटलेटमधून सतत बारीक बुडबुडे येत असतील तर हवा कुठूनतरी आत जातेय, इनटेकचा जॉइंट तपासा आणि त्याच्या शेजारी एअर स्टोन (बुडबुडे सोडणारा दगड) लावलाय का तेही बघा, फार जण तिथेच लावतात.

धुण्याबद्दल. सगळा मीडिया नळाखाली खळखळून धुणं म्हणजे माशांच्या जिवाशी खेळ आहे, नगरपालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि अमोनिया खाणारे बॅक्टेरिया त्याने मरतात. पाणी बदलताना काढलेलं टँकचंच पाणी बादलीत घ्या, स्पंज त्यात पिळा, रिंग नुसत्या हलवून घ्या. पांढरं फिल्टर कॉटन मात्र फेकून नवीन घाला. फ्लो कमी झाला की लोक फक्त स्पंज धुतात, पण चिकट थर नळीच्या आतून आणि इम्पेलरवर बसलेला असतो. इम्पेलर बाहेर काढा, खालचा खड्डा जुन्या टूथब्रशने साफ करा, पण त्यातली सिरॅमिक दांडी जपून, ती तुटली की आवाज जात नाही. बोअरचं पाणी असेल तर पांढरा क्षार धरतो, व्हिनेगरमध्ये भिजवून स्वच्छ धुवायचा.

आणि लाइट गेली तर? तासाभराने काही होत नाही. चार-पाच तास किंवा रात्रभर बंद राहिला तर मात्र बंद डब्यातला ऑक्सिजन संपतो, बॅक्टेरिया मरायला लागतात, पाणी सडतं. लाइट आल्या आल्या ते काळं पाणी थेट टँकमध्ये जायला नको. प्लग काढून ठेवा, नळ बंद करा, डबा उघडून वास घ्या, कुजलेला वाटला तर आतलं पाणी ओतून मीडिया टँकच्या पाण्यात हलवून घ्या आणि वरच्यासारखाच परत भरून जोडा. उन्हाळ्यात वारंवार लाइट जाणाऱ्या भागात राहत असाल तर फिल्टरचा प्लग घरच्या इन्व्हर्टरवर घ्या, छोट्या कॅनिस्टरला पंख्यापेक्षाही कमी वीज लागते.