यकृताच्या प्रतिकारशक्तीवर पीएचडी करायचीय? आधी नमुन्यांचं विचारा

मी सोलापुरात एमएस्सीच्या मुलांना मायक्रोबायोलॉजी शिकवते. निकाल लागले की कुणीतरी येतंच, "मॅडम, लिव्हर इम्युनॉलॉजीत पीएचडी करायचीय, चांगली संस्था सांगा ना." सांगते, पण आधी मीच विचारते: तिथं माणसाच्या यकृताचे नमुने कुठून येतात?

यकृताला मिळणारं साधारण ७५ टक्के रक्त आतड्याकडून, पोर्टल शिरेतून येतं. अन्नातले अंश, जंतूंचे तुकडे, सगळं त्यात असतं. प्रत्येकावर तुटून पडायचं म्हटलं तर यकृत कायम सुजलेलंच राहील, म्हणून तिथल्या पेशी बरंच काही सोसून घेतात. कुप्फर पेशी (जंतू गिळणाऱ्या) आणि प्रतिकारशक्तीच्या काही टी व एनके पेशी तिथंच मुक्काम ठोकून असतात, दंडातून काढलेल्या रक्तात त्या सापडत नाहीत. उंदरावर भागवावं, तर माणसाच्या यकृतात मुबलक असणाऱ्या मेट (MAIT) पेशी, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या एका प्रकारच्या टी पेशी, उंदरात अगदी तुरळक. म्हणून प्रयोगशाळेची प्रत्यारोपण करणाऱ्या सर्जनशी गाठ आहे का, ते बघायचं. दात्याचं यकृत बसवण्याआधी गार द्रावणानं धुतात. एरवी मोरीत जाणाऱ्या त्या धुवणात भरपूर पेशी मिळतात. मात्र प्रत्यारोपण रात्री झालं तर बाटली आणायला रात्रीच जावं लागतं, आणि जातो तो पीएचडीचा विद्यार्थी!

दिल्लीच्या आयएलबीएस (इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हर अँड बिलिअरी सायन्सेस) मध्ये यकृताचं रुग्णालय आणि संशोधन एकाच छताखाली आहे. पुण्यात एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या राष्ट्रीय केंद्रात इम्युनॉलॉजी, एनआयव्ही या राष्ट्रीय विषाणू संस्थेत काविळीच्या विषाणूंवर काम. बाहेर जायचं तर बर्मिंगहॅम आणि हॅनोवर ही या विषयातली जुनी ठिकाणं.

पैशाचं म्हणाल तर सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) काढा. पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,००० आणि घरभाडं वेगळं. लाइफ सायन्सच्या पेपरात २०० पैकी १०० गुण एकट्या सी भागाचे: ७५ पैकी २५ प्रश्न, प्रत्येकी ४ गुण. आमची मुलं ए भागातल्या गणितांवर महिने घालवतात आणि सी भागातले प्रयोगाचे आलेख बघून गांगरतात. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवा.

एमएस्सीचा प्रकल्प रक्तावर करा. एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन फायकॉल या दाट द्रावणावर रक्त अलगद सोडायचं, सेंट्रिफ्यूज करायचं आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींचा मधला ढगाळ थर पिपेटनं उचलायचा. हात बसायला वेळ लागतो, पण मुलाखतीत हे सांगणारा लगेच उठून दिसतो.

मग गाइडला मेल. "आपल्या थोर कार्यानं मी भारावून गेलो" हे वाक्य खोडा. त्यांचा एखादा पेपर नीट वाचा आणि त्यातलंच विचारा: "आजारी यकृताच्या नमुन्यात मेट पेशी कमी दिसल्या, त्या खरंच मरतात की पेशी वेगळ्या करताना गळतात?" पाच ओळी, एक प्रश्न, सोबत सीव्ही. दोन आठवडे उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, नंतर दुसरं दार.

पुण्यात भेट ठरली तर सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडा. गाइडला भेटून झालं की तिथल्या मुलांसोबत कँटीनला जा. महिन्याला नमुने किती येतात, फ्लो सायटोमीटरवर (पेशी मोजून ओळखणारं यंत्र) नंबर कधी लागतो, आधीचे विद्यार्थी किती वर्षांत सुटले, ते चहावर खरं बोलतात.

आणि माणसाच्या रक्ता-यकृताच्या नमुन्यांतून हेपॅटायटिस बी होऊ शकतो, म्हणून त्याची लस आजच सुरू करा. तीन डोस: पहिला, एक महिन्यानं दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांत अँटिबॉडी तपासा. आकडा १० mIU/mL च्या खाली असेल तर नमुन्यांना हात लावण्याआधी डॉक्टरांना दाखवा.