डाव पाठ, तरी लढतीत उशीर: सरावातील या चुका टाळा

मुंबईत तालमीत, ज्युदोच्या वर्गात किंवा जिउ-जित्सूच्या मॅटवर नियमित घाम गाळणाऱ्या अनेकांची तक्रार सारखीच असते. रोज घोटलेला डाव प्रत्यक्ष लढतीत क्षणभर उशिरा सुटतो. मग त्याच डावाच्या आवृत्त्या वाढवल्या जातात आणि उशीर तसाच राहतो, कारण शरीराला कोणत्या इशाऱ्यावर हलायचे हे कोणी शिकवलेलेच नसते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे स्वतःच्या तालावर डाव मारत राहणे. जोडीदार निश्चल उभा असताना मनात आकडे मोजत एकेरी पटात, म्हणजे त्याचा एक पाय धरण्याच्या डावात, शिरण्याने हालचाल सफाईदार होते, परंतु तिला चेतवणारे समोर काहीच घडत नसल्यामुळे प्रतिक्रिया तयार होत नाही. त्याऐवजी जोडीदाराने कधी मानेवरचा हात जड करावा, कधी पुढचा पाय टाकावा, कधी काहीच करू नये, आणि हे सर्व अनियमित अंतराने करावे. इशारा नसताना थांबणे हासुद्धा सरावाचाच भाग आहे. ज्युदोत उचिकोमी म्हणजे प्रवेशाची घोटाई आणि रांदोरी म्हणजे मुक्त लढत. इशारा खरा पण प्रतिकार मोजका, हा या दोहोंमधला टप्पा फार जण गाळतात. डाव आधीच ठाऊक असलेला जोडीदार तो सुरू होण्यापूर्वीच बंद करत असेल, तर तोही सराव खोटाच ठरतो.

दुसरी चूक डोळ्यांवर विसंबण्याची. डोळ्यांना दिसलेल्या साध्या इशाऱ्याला प्रतिसाद द्यायला माणसाला सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो, तर स्पर्शाला तो थोडा लवकर मिळतो. म्हणून पकड जमल्यानंतरचा सराव अधूनमधून डोळे मिटून करावा. फेकीच्या डावांत मात्र हे कटाक्षाने टाळावे.

एकाच इशाऱ्यावर चार-पाच डाव शिकण्याचा मोहही आवरावा. पर्याय वाढले की निवडीचा वेळ वाढतो, हे मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी 1952 मध्ये प्रयोगाने दाखवले आहे. आधी एका इशाऱ्याला एकच उत्तर पक्के करावे आणि ते अडल्यावरच दुसरे जोडावे.

नोकरी आटोपून, लोकलमध्ये उभ्याने प्रवास करून आलेल्यांनी जोर-बैठकांनी दमल्यावर हा सराव करू नये. थकलेले शरीर ढिसाळ हालचालच पक्की करते. अंग गरम होताच छोट्या फेऱ्यांत तो उरकावा. पावसाळ्यात मॅट फेऱ्यांच्या मध्ये पुसून घ्यावी, नाहीतर पाय घसरण्याच्या धास्तीने पाऊल आखडते.

एवढे करूनही उशीर होत असेल, तर मोबाइलवर चित्रण करून ते संथ गतीने पाहावे. इशारा आणि पहिली हालचाल यांत वेळ जात असेल, तर ओळख कच्ची आहे आणि इशाऱ्याचा सराव वाढवावा. पहिली हालचाल वेळेवर होऊन पुढे डाव रेंगाळत असेल, तर वस्तादांकडून पावलांची ठेवण तपासून घ्यावी.