न उसवता सशाची जोडी

जुन्या कापडी सशासारखाच दुसरा शिवायचा असेल तर मूळ ससा उसवू नका. त्यावर क्लिंग फिल्म (अन्न झाकायचं पातळ प्लॅस्टिक) घट्ट गुंडाळा, वर मास्किंग टेपच्या लहान पट्ट्या चिकटवा. शिवणी पेनने गिरवा, लवेची (कापडावरच्या केसांची) दिशा बाणाने दाखवा आणि रेघांवरून टेपचं कवच कापून काढा. हे तुकडे म्हणजेच नव्या सशाचा नमुना. डावी-उजवी बाजू सारखीच असते, त्यामुळे अर्धंच केलं तरी पुरतं.

गालाचा फुगीर तुकडा सपाट बसत नाही. दाबून बसवलात तर तोंड चपटंच होणार. कडेपासून चीर द्या. ती जितकी उघडेल तेवढा डार्ट, म्हणजे कापडाला फुगीर आकार देणारी शिवलेली चुणी. एकमेकांना जोडायच्या कडा दोऱ्याने मोजून बघा. भरण बसलेल्या जुन्या खेळण्यात त्या हमखास कमी-जास्त येतात.

नव्या कापडावर नमुन्याभोवती ६ मिमी माया (शिवणीसाठी जादा कापड) ठेवा. लवदार कापड उलट्या बाजूने, कात्रीच्या टोकाने फक्त लवेखालचा पाया कापत न्यायचं, नाहीतर शिवणीपाशी टक्कल दिसतं. टाका २.५ मिमी, सुलटवायला आणि भरायला पाठीत ५ सेंमी उघडं. सुलटवण्याआधी वळणांवर कातरे द्या.

नवं कापड मूळापेक्षा जास्त ताणत असेल तर भरल्यावर ससा लठ्ठ होतो. भरायला पॉलिस्टर फायबर चिमटीचिमटीने, आधी नाक आणि पाय. कापूस धुतल्यावर गोळा होतो. तीन वर्षांखालच्या मुलासाठी डोळे भरतकामाचेच, बटणं नकोत.