एसीच्या कॉम्प्रेसरचा क्लच पकडत नव्हता : माझा अनुभव

आमच्या जुन्या गाडीचा एसी सकाळी व्यवस्थित गार हवा देत असे, मात्र भर दुपारी इंजिन तापले की कॉम्प्रेसर सुरूच होत नसे. पुली फिरत राही, पण तिच्या पुढची क्लचची चकती, जी पुलीला चिकटली की कॉम्प्रेसर फिरतो, ती जागची हलत नसे. गॅरेजमध्ये लगेच गॅस भरण्याचा सल्ला मिळाला. परंतु गॅस फारच कमी असता, तर गॅसच्या दाबावर लक्ष ठेवणाऱ्या प्रेशर स्विचने क्लचचा वीजपुरवठाच तोडला असता, म्हणून मी आधी मल्टिमीटर लावला. कनेक्टर जोडलेला असताना, ऐन बिघाडाच्या वेळी, क्लचच्या कॉइलच्या (चकतीला पुलीकडे ओढणाऱ्या विद्युतचुंबकाच्या वेटोळ्याच्या) दोन्ही टोकांमध्ये 12 व्होल्टहून अधिक विद्युतदाब मिळत होता. म्हणजे फ्यूज, रिले आणि प्रेशर स्विच निर्दोष होते. गॅसवर खर्च करण्यापूर्वी ही एक चाचणी प्रत्येकाने आग्रहाने करून घ्यावी.

दोष होता तो चकती आणि पुली यांच्यामधील फटीत. ही फट साधारणपणे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी लागते. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने ती रुंदावते, आणि कॉइल तापून तिच्या तांब्याच्या तारेचा रोध वाढला की चुंबकाची ओढ कमी पडते. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून पाहिल्यावर फट जवळजवळ एक मिलिमीटर भरली. बॅटरीची तार काढून चकतीचा मधला बोल्ट सोडवला, आतील पातळ शिमांपैकी (फट राखणाऱ्या चकत्यांपैकी) एक काढली आणि फट मॅन्युअलमधील मर्यादेत आणली. चकती पुलीला कोठेही घासत नाही, हे पुली हाताने फिरवून तपासले. आता दुपारच्या उन्हातही बटण दाबताच क्लच ‘टक्’ असा आवाज करून पकडतो.